पंजाचे फोड: टाकीला आतून कोटिंग करणाऱ्या नवख्यांसाठी

नाशिकच्या अंबडमधल्या एका शेडमध्ये टाकीचं मॅनहोल उघडून आत वाकलो आणि समोरच्या भिंतीवर एक पंजा दिसला. पाच बोटं, तळवा, सगळं स्पष्ट. पण हा ठसा रंगाचा नव्हता, फोडांचा होता. मुगाच्या दाण्याएवढे शंभरेक फोड, आणि ते सगळे मिळून माणसाचा एक हात. टाकीत डीएम पाणी, म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणी होतं. आतून एपॉक्सीचे दोन हात मारलेले, जाडी मीटरवर बरोबर, स्पार्क टेस्ट पास. पाणी भरून चार महिनेही झाले नव्हते. ब्लास्टिंग (ग्रिटच्या माऱ्याने लोखंड साफ करणं) झाल्यावर आणि प्रायमर लागण्याआधी कुणीतरी घामेजल्या हाताने भिंतीचा आधार घेतला होता. तो कुणीतरी बहुधा मीच, कारण त्या दिवशी तपासणीला आत मी उतरलो होतो आणि हातमोजे माझ्या खिशात होते.

आमच्या जुन्या पेंटरला सगळे मामा म्हणतात. मामाने टॉर्च मारली, फोडांकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, सही झकास केलीत."

सातपूर, अंबड, सिन्नरच्या शेडमध्ये नुकत्याच लागलेल्या पोरांसाठी हे लिहितो आहे. घरांच्या रंगकामावरून पहिल्यांदाच टाकीच्या कामाकडे वळलेल्या ठेकेदारांनाही उपयोगी पडेल. सामान फार लागत नाही: मूठभर मनुका, आरओवाल्याकडे असतो तसला टीडीएस मीटर, पीएचच्या पट्ट्या, मेडिकलमधली सिरिंज आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी.

पहिली पायरी: मनुका भिजवा

रात्री दोन वाट्या घ्या. एकीत साधं पाणी, दुसरीत साखरेचा घट्ट पाक. दोन्हींत दहा-दहा मनुका टाका. (तासगावच्या असल्या तरी चालतील, नाशिककरांनी मनाला लावून घेऊ नये.) सकाळी पाण्यातल्या मनुका टम्म फुगलेल्या असतील, पाकातल्या जवळपास होत्या तशाच. साल कुठे फाटलेली नाही, तरी पाणी आत शिरलं. आतली साखर मात्र बरीचशी आतच राहिली. याला ऑस्मोसिस म्हणतात, शाळेच्या पुस्तकात परासरण. पाण्याला जाऊ देणारा आणि विरघळलेल्या पदार्थाला अडवणारा पडदा मध्ये असला, की पाणी जिकडे क्षार किंवा साखर जास्त तिकडे जातं. १७४८ साली फ्रान्समध्ये नोले यांनी डुकराच्या मूत्राशयाच्या पडद्यावर हे पाहिलं होतं. आपल्याकडे काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावलं की पाणी सुटतं, ते याच कारणाने.

आता हेच टाकीत बघा. टाकीतलं पाणी म्हणजे वाटीतलं पाणी. एपॉक्सीचा थर म्हणजे मनुकेची साल. आणि थराखाली लोखंडावर राहिलेला घाम, मीठ, ॲसिड धुतल्यावर उरलेला क्लोराइड, ही आतली साखर. एपॉक्सीतून पाणी जातं, क्षाराचे आयन मात्र फार म्हणजे फारच हळू जातात. त्यामुळे पाणी आत जाऊन क्षार विरघळवतं, आत खारट थेंब तयार होतो, तो आणखी पाणी ओढतो. थर उचलला जातो. फोड म्हणजे भिजलेली मनुका.

दाब किती असतो याचा अंदाज हवा. गच्चीवरच्या टाकीपासून दहा मीटर खालच्या नळाला जेमतेम एक बार दाब मिळतो. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असलेलं समुद्राचं पाणी आणि शुद्ध पाणी यांच्यातला परासरण दाब २५ अंशांना सुमारे २७ बार भरतो. फोडातला पहिला थेंब त्याहूनही खारट असू शकतो, कारण तिथे क्षार आहे तेवढाच आणि पाणी थेंबभर. हा सगळा दाब थरावर एकदम येत नाही. पाणी शिरतं तसा क्षार पातळ होतो, थर ताणला जातो, दाब उतरतो. पण ओल्या झालेल्या थराची पकड आधीच ढिली झालेली असते, तिला एवढं पुरतं.

यातूनच नवख्यांची सर्वांत मोठी गफलत निघते. समुद्राच्या पाण्याची टाकी म्हटलं की सगळे सावध होतात, आणि आरओ किंवा डीएम पाण्याची टाकी म्हटलं की "साधं पाणीच तर आहे" म्हणून हात सैल सोडतात. फोडांच्या बाबतीत गणित उलटं आहे. बाहेरचं पाणी खारट असेल तर पाकातल्या मनुकांसारखी गत होते, आत-बाहेरचा फरक कमी राहतो. बाहेरचं पाणी जितकं शुद्ध तितकी ओढ जास्त. खारं पाणी गंज जास्त करतं, हे वेगळं. पण चांगल्या अखंड थराला फोड आणायचे तर डीएम पाण्यासारखं दुसरं काही नाही.

दुसरी पायरी: पाणी भोकातून जात नाही, हे मनात पक्कं करा

"स्पार्क टेस्ट पास आहे, मग पाणी गेलं कुठून?" हा प्रश्न मला दर वर्षी एक तरी पोरगा विचारतो. स्पार्क टेस्ट भोकं शोधते. पाणी भोक नसलेल्या थरातूनही जातं.

द्राक्षाचा मांडव आठवा. वेली एकमेकींत गुंतलेल्या, तारांना बांधलेल्या, खालून पाहिलं तर आभाळ दिसत नाही. पण वारा आला की पानं हलतात आणि क्षणभर इथे फट, मग तिथे फट. पॉलिमरच्या साखळ्या तशाच गुंतलेल्या आणि तशाच सतत हलत्या. पाण्याचा रेणू जेमतेम ०.२८ नॅनोमीटरचा. समोर फट पडली की तो एक उडी मारतो, पुढच्या फटीची वाट बघतो. याला विसरण म्हणतात, इंग्रजी पुस्तकात डिफ्यूजन. श्रावणात चिवड्याची सील केलेली पातळ पिशवी महिनाभर ठेवली तर चिवडा सादळतो, तोही असाच. पिशवीला भोक नसतं.

एपॉक्सी पाणी नुसतं जाऊ देत नाही, पितेही. वजनाच्या एक ते पाच टक्के पाणी सहज पोटात घेते. त्याने ती थोडी मऊ पडते, आणि मऊ पडली की पाण्याच्या उड्या आणखी सोप्या होतात.

आता थोडं गणित, कारण ते कळलं की जाडीबद्दलचे अर्धे वाद मिटतात. फिक यांनी १८५५ साली मांडलेल्या नियमावरून दोन गोष्टी निघतात. एक, थर ओलांडायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन, एकदा वाट रुळली की रोज किती पाणी जाणार ते जाडीच्या व्यस्त प्रमाणात ठरतं. साध्या तापमानाला एपॉक्सीत पाण्याचा विसरणांक साधारण १० चा उणे १३ वा घात, चौरस मीटर प्रतिसेकंद, या पातळीवर असतो. तो धरला तर १०० मायक्रॉनच्या थरातून पाणी पलीकडे पोचायला साडेचार-पावणेपाच तास पुरतात. २०० मायक्रॉनला अठरा-एकोणीस तास. ४०० मायक्रॉनला तीन दिवस.

तीन दिवस! टाकी दहा वर्षं चालली पाहिजे आणि पाणी तीन दिवसांत लोखंडाला भेटणार. हा आकडा ऐकला की पोरं गप्प होतात. जाडीने पाणी थांबत नाही, फक्त उशिरा पोचतं आणि कमी पोचतं. पाणी येणारच. ते पोचल्यावर त्याला तिथे काय भेटतं, हे मात्र आपल्या हातात असतं. खाली लोखंड स्वच्छ असेल आणि थराची पकड घट्ट असेल, तर पाण्याला साठायला जागाच नसते.

मायका, काचेचे किंवा ॲल्युमिनियमचे चपटे कण घातलेलं कोटिंग महाग का असतं, तेही इथेच कळतं. कण कौलांसारखे एकावर एक आडवे बसतात, पाण्याला प्रत्येकाला वळसा घालावा लागतो. जाडी न बदलता वाट लांब होते.

जाता जाता: बेदाणा करणारे शेतकरी या शास्त्रात आपल्या पुढे आहेत. द्राक्षाच्या मण्यावर मेणाचा पांढुरका थर असतो, तो पाण्याला बाहेर पडू देत नाही. म्हणून घड आधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात. मेणाची अडवणूक मोडते आणि द्राक्ष लवकर वाळतं. आपल्याला नेमकं उलटं करायचं आहे.

तिसरी पायरी: न दिसणारं मीठ शोधा

इथे वेळ घालवा. बाकी कुठे घाई केलीत तरी एक वेळ चालेल.

ब्लास्टिंगनंतर प्लेट पांढरीशुभ्र दिसली, एसए अडीच (ब्लास्टिंगच्या स्वच्छतेची पायरी) मिळालं, सुपरवायझरने सही केली. पण ती पायरी डोळ्यांनी ठरते, आणि मीठ डोळ्यांना दिसत नाही. जुन्या गंजलेल्या टाकीच्या खड्ड्यांत तर ते तळाशी चिकटून असतं. ग्रिट वरून आपटते आणि कधी कधी ते आणखी आत दाबते. घरच्या मिठाला पावसाळ्यात पाणी सुटतं ना? हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतूनच पाणी घेतं, आणि नाशिकच्या ऑगस्टमध्ये सकाळी त्याहून जास्त आर्द्रता सर्रास असते. म्हणून रात्रभर ठेवलेली ब्लास्ट केलेली प्लेट सकाळी जिथे ठिपक्याठिपक्यांनी काळपट-तपकिरी झालेली दिसेल, तिथे खडूने गोल करा. मीठ स्वतः पत्ता सांगतं आहे.

मोजायची रीत ब्रेस्ले पॅचची. हा रबरी फोमची चौकट असलेला चिकट तुकडा असतो, आतली जागा १२.५ चौरस सेंटिमीटर. स्वच्छ पेल्यात १५ मिली बॅटरीचं पाणी घ्या आणि त्याची वाहकता आधी मोजून लिहून ठेवा. पॅच प्लेटवर घट्ट दाबून चिकटवा. सिरिंजमध्ये पेल्यातलं दोन-तीन मिली पाणी घेऊन सुई फोमच्या कडेतून आत घाला, पाणी सोडा, आतली हवा ओढून काढा. मग पाणी आत-बाहेर, आत-बाहेर करत प्लेट धुऊन काढा. ते सगळं परत पेल्यात ओता आणि पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक मायक्रोसीमेन्स प्रतिसेंटिमीटरमध्ये घेऊन त्याला ६ ने गुणा, म्हणजे चौरस मीटरमागे मिलिग्रॅम क्षार मिळतात. पाण्याचं माप किंवा पॅच वेगळा असेल तर हा ६ बदलतो, किटवर बघा.

जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमात मिठाची मर्यादा चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम आहे. तुमच्या डब्याच्या डेटाशीटवर जो आकडा असेल तो पाळा. डीएम पाण्याच्या टाकीला मी ५० वर समाधान मानत नाही, हे माझं मत.

वाहकता मीटर नसेल तर? टीडीएस मीटर आतून वाहकताच मोजतो आणि तिला साधारण अर्ध्याने गुणून पीपीएम दाखवतो. म्हणजे त्याच्या पडद्यावर एकाने आकडा वाढला तर दोन मायक्रोसीमेन्स, म्हणजे चौरस मीटरला १२ मिलिग्रॅम. चार पीपीएम वाढ म्हणजे पन्नासच्या आसपास पोचलात. मोजमाप ओबडधोबड आहे, रिपोर्टवर लिहू नका. पण स्वतःला कळायला पुरतं.

मीठ निघालं तर कापडाने पुसू नका, ते फक्त पसरतं. प्रेशरच्या पाण्याने धुवा, वाळवा, हलकं ब्लास्टिंग पुन्हा करा, पुन्हा मोजा. शेवटचं धुणं बोअरच्या पाण्याने करू नका. पाणी उडून जातं, त्यातले क्षार प्लेटवर राहतात, मग आधीचं सगळं धुणं वाया. पावडर कोटिंगच्या लाइनीतही शेवटची टाकी डीएम पाण्याची ठेवतात, ती याच कारणाने. आणि ग्रिट पुन्हा पुन्हा वापरत असाल तर तिचाही चमचाभर नमुना बॅटरीच्या पाण्यात हलवून मीटर लावा. एकदा आमच्याकडे मीठ प्लेटवर नव्हतंच, ग्रिटमध्ये होतं. दोन दिवस आम्ही प्लेटला धुतोय आणि मशीन तिला मीठ लावतंय.

हातमोज्यांबद्दल मी वेगळं लिहीत नाही.

चौथी पायरी: हवा बघून डबा उघडा

लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं. ऑगस्टची सकाळ, हवा २५ अंश, आर्द्रता ८५ टक्के, तर दवबिंदू २२ च्या थोडा वर येतो. म्हणजे प्लेट २५ च्या वर हवी. रात्रभर थंड झालेली टाकी २४ ला असेल तर थांबा, चहा घ्या, ऊन येऊ द्या. प्लेटवर चिकटणारा थर्मामीटर फार महाग येत नाही. दव पडलेलं डोळ्यांना दिसेलच असं नाही.

थंडीत अडचण वेगळी. जानेवारीत निफाडचा पारा खाली येतो तेव्हा शेडमध्येही पहाटे एपॉक्सी नीट पिकत नाही. बहुतेक साध्या एपॉक्सींना १० अंशांच्या खाली काम करायला आवडत नाही. वर हार्डनर (एपॉक्सीत मिसळायचा दुसरा घटक) हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून तेलकट, चिकट साय धरतो. ही साय पाण्यात विरघळते. तिच्यावर दुसरा हात मारलात तर दोन थरांच्या मध्ये स्वतःच्या हाताने साखर पेरलीत. कोमट पाण्याने धुऊन, वाळवून मगच पुढे जा.

पाचवी पायरी: थिनर

डेटाशीटवर जो लिहिला आहे तोच, आणि तेवढाच. "एनसी थिनर मारला तर गन छान चालते" असं सांगणारा एक तरी भेटेल. पाण्यात मिसळणारे सॉल्व्हंट थरात अडकून राहिले, तर ते मिठाचंच काम करतात, पाणी ओढतात. फोड सुईने टोचल्यावर थिनरचा वास आला तर समजा दोष प्लेटचा नाही, मिक्सिंगचा आहे. जाडी एका दमात मिळवायच्या नादातही सॉल्व्हंट आत कोंडला जातो. टाकीत सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते. म्हणून हवा खेचणारा पाइप तळापर्यंत सोडा, आणि पंखा ठिणगीमुक्त असू द्या. तळाशी माणूस काम करत असतो हे विसरू नका. आत माणूस उतरला की मॅनहोलवर दुसरा माणूस उभा हवाच. कोटिंग वाळल्यावरही डेटाशीटवरचे पूर्ण दिवस भरू द्या. मालक पाणी सोडायची घाई करतो. त्याला चिवड्याचं उदाहरण द्या, मला उपयोग झाला आहे.

सहावी पायरी: गरम पाण्याची टाकी असेल तर बाहेरूनही विचार करा

आत ६० अंशांचं पाणी, बाहेर डिसेंबरची रात्र आणि टाकीला बाहेरून लोकर नाही. पाणी गरम बाजूकडून थंड बाजूकडे सरकतं आणि थंड लोखंडापाशी, थराच्या मागे, थेंब धरतं. मीठ नसतानाही फोड येतात. मी असे फोड फक्त उघड्या बाजूला पाहिले आहेत, भिंतीला टेकलेल्या बाजूला एकही नाही. उपाय आतला रंग बदलणं हा नाही, आधी बाहेरून इन्सुलेशन करा.

काँक्रीटच्या फरशीचं थोडक्यात. दिंडोरी रस्त्यावरच्या वायनरीसारख्या ठिकाणी एपॉक्सी फ्लोअरिंग करताना पाणी खालून येतं, काळ्या मातीतून स्लॅबमध्ये, आणि अल्कली काँक्रीटमध्ये घरचीच असते. ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवा, १६ तास ठेवा. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळवंडलं, तर काम घेऊ नका. नाही दिसलं म्हणजे सगळं ठीक असंही नाही, पावसाळ्यात पुन्हा बघा.

सातवी पायरी: फोड आलाच तर आधी वाचा, मग खरवडा

मालक ओरडत असतो, ठेकेदाराला ग्राइंडर लावायची घाई असते. तरी थांबा. आधी फोटो, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. फोड कुठे आहेत ते कागदावर काढा: वेल्डच्या रेषेने, तळाशी, एका बाजूला, की एखाद्या ओरखड्याभोवती. आकार बघा. बोटांचे ठसे, पुसल्याच्या फडक्याचे फराटे, पाण्याचे ओघळ फोडांतून जसेच्या तसे उमटतात.

मग दोन-तीन फोड निवडा. चष्मा लावा, सिरिंजने आतलं पाणी काढा आणि पीएचच्या पट्टीवर एक थेंब टाका. पट्टी गडद निळी झाली, पीएच १२ च्या आसपास, तर शेजारी कुठेतरी थर फाटून गंज सुरू आहे किंवा कॅथोडिक प्रोटेक्शनचा (गंज रोखायला लोखंडाला दिलेल्या विजेचा) प्रवाह जास्त झाला आहे, आणि त्यामुळे थराखाली कॉस्टिक तयार होतं आहे. अशा वेळी मीठ शोधत बसू नका, फाटलेली जागा शोधा. पीएच सहा-सातच्या आसपास आणि खारट पाणी, म्हणजे टीडीएस चढलेला, तर मीठ. (थेंब फार लहान असतो, मोजलेल्या बॅटरीच्या पाण्यात मिसळून बघा.) वास आला तर थिनर. फोड कोरडा निघाला, तर पाण्याचा खेळच नव्हे, प्लेट गरम असताना रंग मारला असेल किंवा आत हवा कोंडली असेल.

फोडाची टोपी ब्लेडने कापून मागून बघा. खालचं लोखंड चकचकीत असेल तर तुम्ही वेळेवर आलात. टोपीच्या मागे प्रायमर चिकटलेला आहे का? असेल तर पकड लोखंडापाशी सुटली. नसेल तर दोन थरांच्या मध्ये, म्हणजे चौथ्या पायरीकडे परत.

एवढं लिहून झालं की मग ग्राइंडर. पंजाच्या टाकीत आम्ही फोडाभोवतीचा हातभर भाग काढला, धुतला, मोजला, पुन्हा हात मारले. पाणी भरून पंधरा दिवसांनी टाकी रिकामी करून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरकी मारली. समोरून मारलेल्या उजेडात लहान फोड लपतात, तिरक्या उजेडात त्यांची सावली पडते. आत उतरण्याआधी मामाने माझ्यापुढे न बोलता हातमोजे धरले होते.